पाटीखालची पाटी

पाटी उतरवायची गाडी सकाळी नऊलाच दारात येऊन उभी राहिली. दुकान कायमचं बंद व्हायचं होतं संध्याकाळी पाचला, पण त्या लोकांना दुपारी दुसऱ्या गावची पाटी काढायची होती. 2025 च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात त्यांना उसंतच नव्हती.

मी राइट एडमध्ये, त्या वर्षी बंद होत चाललेल्या औषधदुकानांच्या साखळीत, फार्मासिस्ट होते. पिट्सबर्गजवळ, मोनॉन्गहेला नदीकाठी, पोलाद कारखान्याच्या जिवावर वसलेलं गाव. कारखाना कधीच गेला, आता म्हातारी माणसं आणि त्यांची रक्तदाबाची औषधं उरलीत.

आत मी लोखंडी कपाट उघडून ऑक्सिकोडोन, म्हणजे नशा लावणाऱ्या कडक वेदनाशामक गोळ्या, मोजत होते. ट्रेवर पाच-पाच गोळ्या सरकवायच्या, दोनदा मोजायच्या. या गोळ्या दुसऱ्या दुकानाकडे द्यायच्या तर सरकारचा 222 नंबरचा फॉर्म लागतो, आणि त्यात खाडाखोड चालत नाही. तेवढ्यात आमची टेक्निशियन बाहेरून ओरडली, "अगं, बघायला ये!"

राइट एडची अक्षरं खाली आली होती आणि मागच्या विटांवर, ऊन न लागलेल्या जागेत, फिकट अक्षरं उमटली होती: एकर्ड. मी 2005 साली कामाला लागले तेव्हा तीच पाटी होती. टेक्निशियन मात्र त्याही आधीची. एकोणिसाव्या वर्षी ती इथे लागली तेव्हा हे थ्रिफ्ट ड्रग होतं. त्या दिवशी तिने थ्रिफ्टचाच जुना बिल्ला लावला होता. मॅनेजरने पाहिलं आणि काही बोलला नाही.

थ्रिफ्ट ही पिट्सबर्गचीच साखळी. 1969 मध्ये कपड्यालत्त्यांच्या जे. सी. पेनीने ती घेतली. मग पेनीने फ्लोरिडाचं एकर्ड घेतलं आणि 1997 च्या सुमारास थ्रिफ्टच्या दुकानांवर एकर्डच्या पाट्या चढल्या. गंमत म्हणजे एकर्डचं मूळ दुकानही इथलंच, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचं, 1898 सालचं. म्हणजे लेक दक्षिणेत नांदून माहेरी परतली. 2004 मध्ये पेनीने तिची वाटणी केली: दक्षिणेकडची दुकानं सीव्हीएस या साखळीला, आमच्याकडची कॅनडातल्या क्युबेकच्या जाँ कूत्यू कंपनीला. तीन वर्षांनी कूत्यूने ती राइट एडला विकली. राइट एडही परकं नव्हे. 1962 मध्ये अलेक्स ग्रासने पेनसिल्व्हेनियातल्याच स्क्रँटनमध्ये पहिलं दुकान टाकलं, त्याचं नाव होतं थ्रिफ्ट डी.

दर वेळी बिल्ला, डगला, कॉम्प्युटर बदलला. काउंटर मात्र तेच, फोन नंबरही तोच.

दुपारनंतर फारसं गिऱ्हाईक आलं नाही. शाम्पू नव्वद टक्के सवलतीत, तरी पडून. या धंद्यात खरी किंमत असते पेशंटच्या प्रिस्क्रिप्शनच्या फायलींना. त्या विकत घेण्याला आम्ही 'फाइल बाय' म्हणतो. आमच्या फायली तीन मैलांवरच्या दुसऱ्या साखळीने घेतल्या होत्या. तीन मैल म्हणजे काय मोठंसं, असं कागदावर वाटतं. बस दिवसातून चारदा.

पावणेपाचला फोन वाजला. एक आजोबा. अठरा वर्षं राइट एडची पाटी होती, पण ते प्रत्येक फोनला पहिला प्रश्न एकच विचारायचे, "थ्रिफ्ट का?" मी दर वेळी शांतपणे कंपनीचं नाव सांगायचे, नियमच होता तसा. टेक्निशियन माझ्याकडे बघत होती.

"हो, थ्रिफ्ट," मी म्हणाले.

"मग माझी लघवीची गोळी तयार आहे का?"

तयार होती, तीन मैलांवर. बस किती वाजता सुटते ते मी त्यांना दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा लिहून घेतलं.