बाईंचा एकवीस आकडी गुणाकार

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला आणि मला आधी आठवीचा फळाच आठवला. गणिताच्या बाई आल्या, हजेरीसुद्धा न घेता १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ एवढा लांब आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "सांगा, याचे अवयव पडतात का?"

२ चा ६७ वा घात काढून १ वजा केला की ही संख्या येते. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली ही मूळ संख्या म्हणून यादीत घातली होती, मग १८७६ मध्ये ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की ही मूळ नाही, पण अवयव कुठले ते काही त्याला सापडले नव्हते! अवयव हातात नसताना ते आहेत हे छातीठोक सांगता येतं, हे ऐकून मी त्या दिवशी खरंच गप्प झालो. मग १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक उठले, फळ्यावर एका बाजूला ही संख्या आणि दुसऱ्या बाजूला एक गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरं सारखी आली आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसले असं सांगतात. किती दिवस लागले विचारल्यावर म्हणे "तीन वर्षांचे रविवार".

तो गुणाकार बाईंनी आमच्याकडून करून घेतला. वर ७६१८३८२५७२८७, खाली १९३७०७७२१, एकेका बाकाला एकेक ओळ. आमच्या वाट्याला ७ आला, माझा एक हातचा राहिला तो बाकावरच्या मित्राने पकडला, उत्तर ५३३२८६७८०१००९. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, बाई आमचं पण हेच आलंय! खालच्या संख्येत ७ तीनदा आहे ना, म्हणजे तीच ओळ तीन वेळा, फक्त घरं सरकवून. बेरीज निम्मी झाली आणि घंटा झाली, पण पुढच्या तासाच्या बाईंनी फळा पुसला नाही, उरलेल्या कोपऱ्यात कविता शिकवली. मधल्या सुट्टीत आम्ही जेवायला न जाता बेरीज पुरी केली, एकवीसच्या एकवीस आकडे जुळले. बाईंनी तरी ताळा करायला लावला, म्हणजे एकच आकडा उरेपर्यंत आकड्यांची बेरीज करत जायची: दोन्ही अवयवांचा १ आणि मोठ्या संख्येचाही १.

कॉलेजात गेल्यावर कळलं की या संख्येचा कुठलाही अवयव घ्या, त्यातून १ वजा केला की १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भाग जातोच. रात्री होस्टेलवर १९३७०७७२० ला १३४ ने भागलं, नि:शेष १४४५५८० आले, आणि मी तसाच बाईंना पत्र लिहायला बसलो. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं, त्यांच्या त्या उभट अक्षरात. खुशाली वगैरे एका ओळीत, आणि खाली, "दुसऱ्या अवयवाचं केलंस का? माझं ५६८५३६०१२९ आलंय, ताडून बघ."