बिंग्लीचा पाण्याचा जिना

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बिंग्ली गावी लीड्स-लिव्हरपूल कालवा एकाला एक चिकटलेल्या पाच हौदांतून ५९ फूट २ इंच चढतो. म्हणजे हौदागणिक जेमतेम १२ फूट. २१ मार्च १७७४ रोजी खुला झालेला हा जिना आजही हातानं दांडी फिरवून आणि दरवाज्याची तुळई पाठीनं रेटूनच चालतो.

लॉक म्हणजे नाव वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. सुट्या लॉकांच्या मध्ये कालव्याचा तुकडा असतो, तो कमीजास्त पाणी पोटात घालतो. इथे ती सोय नाही. वरच्या हौदाचा खालचा दरवाजा तोच खालच्या हौदाचा वरचा. म्हणून हौद पाच, पण दरवाज्यांच्या जोड्या सहाच. नाव आत घेण्याआधी पाचही हौद बघायचे, खरी अक्कल तिथेच लागते.

वर जाताना सगळ्यात खालचा हौद रिकामा आणि वरचे चारही भरलेले हवेत. (रिकामा म्हणजे कोरडा नव्हे, खालच्या पातळीला आलेला.) नाव आत आली की मागचा दरवाजा आणि त्याच्या झडपा (पाणी सोडायची छोटी दारं) बंद करायच्या, मगच पुढच्या झडपा उचलायच्या. वरचा हौद उतरतो, नावेचा भरतो. पातळी एक झाली की दरवाजा आपसूक हलका होतो. त्याआधी चार माणसं लावली तरी हलत नाही. वरचा हौद आधीच रिकामा निघाला तर नाव तिथेच अडकते आणि पाणी थेट माथ्यावरून एकेक हौद भरत आणावं लागतं.

खाली येताना उलट: माथ्याचा भरलेला, खालचे चार रिकामे. खालचा चुकून भरलेला राहिला तर वरून सोडलेलं पाणी त्यात मावत नाही, काठावरून वाहून फुकट जातं.

नाव वर गेली की पाचही हौद भरलेले राहतात. पाठोपाठ दुसरी नाव वर जाणार असेल तर फक्त तळचा रिकामा केला की झालं. पण खाली येणारी असेल तर चार हौद सोडून द्यावे लागतात. म्हणून लॉक-कीपर एका दिशेच्या नावा एकत्र सोडतो. थांबणारे कुरकुरतात, पण पाटाच्या पाळीसारखंच आहे ते.

सगळ्यात वाईट अपघात उतरताना होतो. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरू लागलं की तो उघडा पडतो. नावेचा मागचा भाग त्यावर राहिला तर पुढचा भाग खाली जातो आणि नाव तिरपी होऊन बुडते. उंबरठ्याची हद्द दाखवणाऱ्या खुणेच्या पुढेच नाव धरायची. टेकली असं वाटलं तर आधी खालच्या झडपा पाडायच्या, मग वरच्या हळूहळू उघडून पाणी परत चढवायचं.