तुम्ही विचारलंत म्हणून: हुगळीकाठचं कॉलेज

"मास्तर, तुम्ही फोंड्याचे, देवळातलं एकही कीर्तन न चुकवणारे. मग बंगालातल्या बॅप्टिस्ट पाद्र्यांच्या कॉलेजाबद्दल एवढ्या आपुलकीनं का बोलता?" शाळेत विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. पुन्हा विचारलंत म्हणून सांगतो.

ते कॉलेज श्रीरामपूरचं. हे श्रीरामपूर नगरकडचं नव्हे, कलकत्त्याजवळचं. विल्यम केरी हा मूळचा जोडे शिवणारा इंग्रज १७९३ साली बंगालात आला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून १८०० साली तो डेन्मार्कच्या ताब्यातल्या या गावात राहायला गेला. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड सोबतीला होते. वॉर्ड छपाईतला जाणकार. आधी छापखाना उभा राहिला, कॉलेज नंतर, १८१८ साली.

केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवायचा. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण निघालं, १८१० साली कोश, तोही मोडी लिपीत. या कामात त्याच्या पाठीशी पंडित वैजनाथ होते. केरीचं नाव सगळे घेतात, वैजनाथांचं कुणी घेत नाही, हे मला फार खटकतं.

त्या कोशाची पानं मी संगणकावर पाहिली तेव्हा आजोबांची चोपडी शेजारी उघडून ठेवली होती. आमच्या घरात बोलणं कोकणीत, हिशेब मराठीत, मोडीत. आजोबा आधी पानभर आडव्या रेघा ओढत आणि मग टाक न उचलता अक्षरं त्यांना टांगत जात. छापखान्याच्या खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांत, ते कसं जमावं? तिथं प्रत्येक अक्षर सुटं ओतायचं. वाहत्या हाताची लिपी कुणीतरी एवढ्या चिकाटीनं शिशात उतरवली, हे पाहून माझे डोळे भरून आले.

आमच्या फोंड्याकडून बोरीचा पूल ओलांडला की राशोल गाव जवळच. तिथल्या सेमिनरीचा, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेचा, इतिहास श्रीरामपूरहून जुना. राशोललाच १६१६ साली फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं, पण रोमन लिपीत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं लोकांची भाषाच बंद करण्याचं फर्मान काढलं. आमचा अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याकडचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. एकीकडे लोकांची भाषा छापली गेली, दुसरीकडे छापूनही पुढे बंद झाली; म्हणून श्रीरामपूरकडे पाहताना मला राशोल आठवतंच.

१८१२च्या मार्चमध्ये श्रीरामपूरचा छापखाना जळाला. हस्तलिखितं गेली, कागद गेला. वितळलेला धातू गोळा करून त्यांनी पुन्हा खिळे ओतले. सहा वर्षांनी कॉलेज निघालं ते याच माणसांनी काढलेलं. तिथं धर्मशास्त्राबरोबर संस्कृत होतं, पाश्चात्त्य विज्ञान होतं, आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही प्रवेश होता. १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ साली गाव इंग्रजांनी विकत घेतलं, सनद मात्र टिकली. या कॉलेजासाठी झालेल्या १९१८च्या कायद्यानंतर त्या पदव्या इतर सेमिनऱ्यांनाही मिळू लागल्या. यवतमाळला सुरू होऊन पुढे पुण्यात बिबवेवाडीला आलेली सेमिनरीही त्यांतलीच.

दरवर्षी आठवीच्या वर्गात मी त्या कोशाचं एक पान दाखवतो. फळ्यावर आधी वैजनाथांचं नाव लिहितो, मग केरीचं. दोन्ही मोडीत, आडवी रेघ आधी ओढून.