सुतोंड्याच्या खाचेत उठलेला आग्या

अजिंठ्याच्या रांगेतले काही किल्ले एकाच युक्तीवर उभे आहेत. पठाराची एखादी सोंड खानदेशाच्या बाजूला पुढे आलेली असते. तिच्या तीन अंगांना निसर्गानेच कडा दिलेला. चौथ्या अंगाने ती पठाराला चिकटलेली, आणि शत्रू येणार तो तिथूनच, सपाटीवरून. म्हणून ती जोडणारी मान आडवी कापून तिथे खाच करायची. कन्नड तालुक्यात अंतूरला हेच केलंय. सोयगाव तालुक्यात सुतोंड्याला, म्हणजे नायगावच्या किल्ल्याला, हे काम बघून माणूस गप्प होतो. कातळ वरून खाली तासत आणलाय, दोन्हीकडे उभ्या भिंती, तळात वाट, आणि किल्ल्याच्या अंगाला दगडातच कोरलेला दरवाजा. अशा खोदाईतून निघणारा दगड वर तटाबुरजांना लागे, त्यामुळे खंदक आणि खाण अशी दोन कामं एकाच कष्टात व्हायची.

एवढा खटाटोप कशासाठी, ते नकाशा पाहिला की कळतं. बुऱ्हाणपूरहून देवगिरीकडे येणाऱ्या कुठल्याही फौजेला ही रांग चढावीच लागे, आणि चढायच्या जागा ठरलेल्या. १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याच्या घाटानेच निजामाच्या मुलखात चढल्या आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. घाट राखायचा तर त्याच्या डोक्यावर बसणारा किल्ला हवा. वेताळवाडी, जंजाळा, सुतोंडा ही सगळी त्याचीच ठाणी.

या किल्ल्यांवर माणसं घेऊन जाणं हे माझं काम. हा अनुभव फेब्रुवारीअखेरचा आहे. पळस फुलला होता, म्हणजे आग्या मोहोळाचेही दिवस. आगमाशी बंद पोळं करत नाही. तिचं एकच मोठं पोळं उघड्यावर लोंबतं, उंच झाडाच्या आडव्या फांदीला नाहीतर कड्याच्या पुढे आलेल्या ओठाखाली. माणसाने तासलेला कडा तिला नैसर्गिक कड्याहून सोयीचा, कारण त्यावर सापाला किंवा अस्वलाला पाय रोवायला जागाच नाही. शत्रू चढू नये म्हणून केलेली भिंत माशीच्याही उपयोगी पडते, हे या भागातल्या जुन्या बांधकामांवर जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

गटात १९ जण होते, अधिक आम्ही दोघं. सहकारी पुढे, मी शेवटी. नायगावातून तासाभराची चढण आहे. वाट साधी, पण मुरमाची आणि वाळलेल्या गवताची; कुसळं मोज्यात शिरतात आणि उतरताना पाय सटकतो. माणशी ४ लिटर पाणी घ्यायला लावलं होतं. किल्ल्यावर टाक्यांची रेलचेल आहे, पण उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत त्यातलं पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये.

खाचेच्या साधारण २०० पावलं अलीकडे आम्ही थांबतो आणि दुर्बिणीने दोन्ही भिंती वरून खाली न्याहाळतो. त्या दिवशी किल्ल्याच्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या ओठाखाली दोन पोळी होती. पोळ्यावर माश्यांचा थर काळसर, चकचकीत आणि निश्चल असेल तर मोहोळ शांत आहे असं धरायचं. धोका जाणवला की त्या थरावरून लाट फिरते. हजारो माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून सावली सरकल्यासारखं दिसतं. ती लाट दिसली की तिथून माघारी वळायचं, वाद घालत बसायचं नाही. त्या सकाळी लाट नव्हती. त्या वाटेने गुराखी गुरं नेत होते. म्हणून पाच-पाचच्या टोळीने, न बोलता, टोपी आणि पूर्ण बाह्यांसह खाच ओलांडायची असं ठरलं. पाच-पाच याचसाठी की अरुंद जागेत गर्दी झाली तर वरून माकडाने लोटलेला एक दगडही पुरतो. अत्तर, सेंट, केसांचं वासाचं तेल यांना आदल्या दिवशीच मनाई केली होती. ड्रोनला तर कायमचीच. त्याचा आवाज आणि वारा मोहोळाला नेमका डिवचतो.

पहिल्या दोन टोळ्या, म्हणजे १० जण, सहकाऱ्याबरोबर दरवाजाच्या आत गेल्या. तिसरी टोळी खाचेत शिरली. तेवढ्यात किल्ला बघून उतरलेली चार तरुण मुलं खाचेच्या तोंडाशी सावलीत बसली, तीन दगड मांडले आणि चहासाठी काटक्या पेटवल्या. काटक्यांवर वाळकं गवत, गवतात ओलसर पाला. खाच दोन्हीकडून बंद आणि वरून उघडी, त्यामुळे धूर धुराड्यातून जावा तसा सरळ वर गेला, पोळ्यांच्या खाली. मी ओरडून विझवायला सांगितलं, तर त्यातल्या एकाने बाटलीभर पाणी आगीवर ओतलं. अशा वेळी पाणी ओतू नये, माती लोटावी. पाण्याने वाफ आणि दाट पांढरा धूर एकदम उसळला आणि भिंतीवरून ती लाट फिरली. एक, दोन, मग पोळ्याचा खालचा भाग गळून पडल्यासारखा माश्यांचा झोत खाली आला. वर गुरं राखणारा म्हातारा तेवढंच ओरडला, “पळा रं, आग्या उठला!”

पहिला डंख बसला की पुढचं सगळं वासावर चालतं. डंखाबरोबर माशी एक वास सोडते, पिकल्या केळ्यासारखा, आणि इतर माश्यांना तो वास म्हणजे ‘इथे चावा’ अशी खूण. हात हलवून माशी चिरडली की तोच वास आणखी पसरतो. माश्या तोंडाकडे येतात, कारण श्वास तिथून येतो. काळे कपडे, केस, हलणारी वस्तू यांच्यावर त्या आधी जातात. म्हणून करायचं ते एवढंच: तोंड-मान झाकायची, हात न झटकता सरळ दूर जायचं, थांबायचं नाही. पाण्यात उडी घेऊ नये, माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि नाक वर काढलं की चावतात. किल्ल्यावरच्या टाक्यात उडी म्हणजे तर बुडण्याचीही भीती, कारण त्याच्या कडा उभ्या आणि शेवाळलेल्या असतात.

तिसऱ्या टोळीतले तिघं दरवाजाच्या जवळ होते, ते आत शिरले. उरलेल्या दोघी खाचेच्या तोंडाकडे होत्या, त्या माझ्याकडे आल्या. वॉकी-टॉकीवर सहकाऱ्याला सांगितलं: सगळ्यांना दरवाजाच्या आत जितकं अंधारात नेता येईल तितकं ने, भिंतीला टेकून खाली बसव, मोबाईलचे टॉर्च बंद कर. अंधारात माशी उजेडाकडे जाते. एकाने पायाखाली बघायला टॉर्च लावला होता, त्याच्याच हातावर दोन डंख बसले. टॉर्च बंद केल्यावर माश्या दरवाजाच्या तोंडाशी असलेल्या उजेडाकडे परतल्या. पहारेकऱ्यांना बाहेरचा दिसावा आणि बाहेरच्याला आतला दिसू नये अशी ही जागा केलेली असते. ती १३ माणसं तिथे पाऊण तास बसून राहिली. एकूण डंख पाच.

बाहेर मी धरून आम्ही सात जण आणि ती चार मुलं. उघड्या सोंडेवरून पळण्यात अर्थ नव्हता. उताराला घाणेरीची आणि करवंदाची दाट जाळी होती, तिकडे वळलो. झाडोऱ्यात माशीला नजर धरून पाठलाग करता येत नाही. मुरमाच्या उतारावर धावायचं मात्र नाही, भराभर चालायचं. मोहोळ उठल्यावर पाय मोडणं, कड्यावरून पडणं हे प्रकार डंखांइतकेच घातक ठरतात. सामानात दोन सुती चादरी कायम असतात, त्या डोक्यावरून घेतल्या. साधारण ३०० पावलांवर माश्या विरळ झाल्या.

आता डंख काढायचे. आगमाशीचा काटा कातडीत राहतो, त्याला विषाची पिशवी चिकटलेली असते आणि ती पुढे काही क्षण विष ढकलत राहते. नखाने, कार्डाच्या कडेने, चिमटीने, कसाही काढा, पण लगेच. चुना, कांदा, लोखंड घासणं यात पहिली मिनिटं घालवू नयेत.

आणि इथे या कामातली सगळ्यात फसवी गोष्ट समोर आली. त्या चार मुलांपैकी ज्याने पाणी ओतलं होतं त्याच्या अंगावर आम्ही ८० च्या वर काटे मोजले. चेहरा सुजलेला, पण तो बोलत होता, पाणी मागत होता, “मी गाडी चालवत जातो” म्हणत होता. आमच्या गटातल्या जालन्याच्या एका ताईंना डंख फक्त चार. दहा मिनिटांत त्यांच्या तळहातांना खाज सुटली, जिथे डंख नव्हता त्या पोटावर गांधी उठल्या, पोटात कळ आली आणि आवाज घोगरा झाला. “सर, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय,” एवढंच त्या म्हणाल्या. डंख किती, यावर हे ठरत नाही. ज्याला विषाची तीव्र ॲलर्जी आहे त्याला एकसुद्धा पुरतो. आवाज बदलणं, श्वासाला शिट्टी, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही दिसलं की घड्याळ बघत थांबायचं नाही.

आमच्या पेटीत डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲड्रेनॅलिनच्या, म्हणजे ॲलर्जीच्या तीव्र झटक्यावरच्या इंजेक्शनच्या, काचेच्या कुप्या असतात, १ मिलीत १ मिलिग्रॅम. उन्हात ठेवल्या तर औषध तांबूस पडतं, तसं झालेलं वापरायचं नाही. म्हणून त्या पिशवीच्या मधोमध, ओल्या रुमालात गुंडाळलेल्या डब्यात असतात. गटात आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एक परिचारिका होत्या, हे नोंदणीच्या अर्जावरून माहीत होतं आणि म्हणूनच त्यांना पेटीजवळ चालवलं होतं. त्यांनी अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिलं. कपडा काढत बसल्या नाहीत, सलवारीवरूनच. पाच मिनिटांनी आवाज तसाच, नाडी बारीक. पुन्हा अर्धा मिली. त्यानंतर गांधी ओसरू लागल्या आणि श्वास मोकळा झाला. सेट्रिझिनची गोळी नंतर दिली, ती खाजेपुरती. ॲलर्जीच्या अशा झटक्यात गोळीवर विसंबणं म्हणजे माणूस घालवणं.

बरं वाटताच ताई उठायला लागल्या, त्यांना आम्ही उठू दिलं नाही. अशा रुग्णाला आडवं ठेवायचं, पाय पिशव्यांवर उंच. दम लागत असेल तरच पाठीला टेकून बसवायचं. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केलं तर हृदयाकडे रक्त पोहोचत नाही आणि बोलता-चालता माणूस जागीच जाऊ शकतो. म्हणजे त्यांना चालवत नेणं बाद. गुराखीबाबांनी खाली हाळी दिली, नायगावची सहा माणसं दोन लांब काठ्या आणि घोंगडं घेऊन वर आली. घोंगड्याच्या दोन कडा काठ्यांना गुंडाळून मधे झोळी केली. पुढे दोन, मागे दोन, आणि दोघं मुरमावर पाय टेकवायला जागा दाखवत पुढे. दर ५० पावलांनी खांदेबदल. चढायला तासभर लागलेली वाट उतरायला दीड तास लागला.

फोनला उताराच्या त्या बाजूला रेंज नव्हती. सोंडेच्या टोकाला मिळाली, तिथून एकाने १०८ ला कळवलं. रुग्णवाहिकेला किल्ल्याचा पायथा सांगितला असता तर ती कच्च्या रस्त्यात अडकली असती, म्हणून गावातलं मारुतीचं देऊळ सांगितलं.

मुलाला रुग्णवाहिकेत बसवायला जास्त कष्ट पडले. त्याला काही होत नव्हतं, घरी जायचं होतं. मोठ्या माणसाला ५० च्या वर डंख असतील तर ॲलर्जी नसली तरी विषाचा साठाच एवढा होतो की स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, आणि हे दिसायला एक-दोन दिवस जातात. त्याच्या मित्राला बाजूला घेऊन सांगितलं: लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा कमी झाली तर लगेच बोल. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही ठेवून घेतलं. ताईंना एक रात्र, कारण झटका काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. मुलाची लघवी दुसऱ्या दिवशी खरंच काळपट झाली. त्याला संभाजीनगरला हलवलं, सलाईनवर ठेवलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढलं आणि आठवड्याने उतरलं. डायलिसिसची पाळी आली नाही.

आतल्या १३ जणांना सहकाऱ्याने किल्ल्यावरूनच दुसऱ्या बाजूच्या वाटेने उतरवलं. खाच मोकळी दिसत होती तरी तो तिकडे गेला नाही, आणि ते योग्यच होतं. उठलेलं मोहोळ तासन् तास चिडलेलं राहतं आणि डंखाचा वास कपड्यांवर टिकतो.

संध्याकाळी गावात दोघं-तिघं रात्री मशाल लावून पोळी जाळायची भाषा करत होते. आम्ही हात जोडून थांबवलं. जाळलेल्या मोहोळाच्या उरलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गुराख्यावर पडतात, तासलेल्या कातळावर काजळी बसते आणि फेब्रुवारीतलं वाळकं गवत पेटलं तर वणवा थेट तटापर्यंत जातो. हे मोहोळ फुलोरा संपला की आपण होऊन जागा सोडतं. तोवर खाचेच्या अलीकडे गावकऱ्यांनी करवंदीच्या काट्यांची आडवी फांदी टाकली आणि चढणाऱ्यांना दुसऱ्या बाजूची वाट दाखवायचं काम त्या गुराखीबाबांनी स्वतःकडे घेतलं.