विशनसरच्या काठी गरवताना

काश्मीरमधली निचनई खिंड उतरून विशनसर तळ्यावर पोहोचेपर्यंत पाय भरून आले होते, पण तंबू लागेपर्यंत माझ्याच्याने थांबवेना. मासेमारीचा परवाना आधीच काढून ठेवला होता. आमचा वाटाड्या मला घेऊन थेट गेला तो वरच्या कृष्णसर तळ्याचं पाणी विशनसरात उतरतं तिथे. तिथे पाणी गार आणि खळाळतं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहून येईल ते टिपतो.

मी मालवणची. खाडीत बाबांबरोबर गरवत मोठी झाले. आमच्या गरीला कोळंबी, दोऱ्याला शिसं, आणि मासा लागला की तो बोटाला कळतो. इथे सगळंच वेगळं. गळावर पीस आणि धागा गुंडाळून केलेली माशी, तिला वजन असं नाहीच. जाड दोरा मागे पूर्ण उलगडू द्यायचा, मग पुढे सोडायचा. त्या दोऱ्याच्याच वजनाने माशी पुढे जाते. तासभर माझा हात घाई करत होता. बाबांचं एक मात्र इथेही लागू पडलं: सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. मी खडकामागे गुडघ्यावर बसले.

ऊन कलल्यावर पाण्यावर वर्तुळं उमटायला लागली. त्यातल्या एकात माझी माशी दिसेनाशी झाली.

“दीदी, पहले हाथ गीला करो,” वाटाड्या म्हणाला. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग जगत नाही. वीतभर ब्राऊन ट्राउट होता. पिवळसर पोट, कुशीवर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. ही जात काश्मीरची नव्हे. 1899 मध्ये विलायतेहून निघालेली अंडी वाटेतच मेली. 1900 मध्ये दुसरी खेप जिवंत पोहोचली. सुमारे 3,700 मीटरवरच्या या पाण्यात त्यांचा वंश टिकलाय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मी त्याला पाण्यात धरून ठेवलं. कल्ले हलत होते. मूठ सैल केली तरी तो क्षणभर माझ्या बोटांमध्येच थांबला, मग तळच्या दगडांच्या रंगात मिसळून गेला.

श्रीनगरला परतल्यावर बाबांना फोन केला. मासा केवढा होता हे त्यांनी विचारलंच नाही. “गरीला काय लावलं होतंस?” एवढंच विचारलं, आणि मग अर्धा तास त्या पिसाबद्दलच बोलत राहिलो.