ब्रेक्झिटला सगळ्यात जास्त मतं देणाऱ्या गावात

ऑगस्टमध्ये इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा बरोबरच्या सगळ्यांची यादी तयार होती, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, लेक डिस्ट्रिक्ट वगैरे, माझी मागणी एकच, मला बॉस्टन बघायचंय. अमेरिकेतलं नाही, ज्याच्यावरून त्याचं नाव पडलं ते मूळ बॉस्टन, इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशायरमध्ये. तिथे काय आहे असं सगळ्यांनी विचारलं. तर २३ जून २०१६ ला युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं असं सार्वमत झालं त्यात अख्ख्या देशाचा निकाल बाहेर पडायच्या बाजूने ५१.९ विरुद्ध ४८.१ असा काठावर लागला आणि या एका गावाने मात्र ७५.६ टक्के मतं बाहेर पडायला दिली. देशात सगळ्यात जास्त. तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या ग्रुप्सवर एकच चाललं होतं की गोऱ्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, अक्कल गहाण ठेवली. मला ते कधीच पटलं नाही. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख माणसं एका दिवशी वेडी होत नाहीत, त्यांच्याकडे काहीतरी कारण असणार आणि ते त्यांच्याच तोंडून ऐकावं असं फार वर्षं मनात होतं.

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून ग्रँथमपर्यंत मोठी गाडी, तिथे उतरून छोटी गाडी पकडायची. ग्रँथम म्हणजे माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरचं गाव, वडिलांचं किराणा दुकान होतं तिथे. आणि हे फार जणांच्या लक्षात नसतं की १९७५ मध्ये याच विषयावर पहिलं सार्वमत झालं होतं तेव्हा थॅचरबाईंनी राहायच्या बाजूने प्रचार केला होता, आणि ६७ टक्के लोकांनी राहायचं म्हणून मत दिलं होतं. पुढे १९८८ मध्ये त्यांनीच ब्रुजला भाषण करून ब्रसेल्सवाल्यांना, म्हणजे युनियनच्या कारभाऱ्यांना, सुनावलं आणि त्यांच्या पक्षात जी भांडणं सुरू झाली ती पुढची जवळजवळ तीस वर्षं मिटली नाहीत.

ग्रँथम सोडलं की थोड्या वेळाने जमीन सपाट होते, इतकी सपाट की नजर अडतच नाही कुठे. हा सगळा भाग पूर्वी दलदल होता, पाणी काढून काढून शेती केलेली, माती काळीभोर. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली, बटाटा, सरळ रेषेत काढलेले कालवे, आणि त्यात लांबून दिसणारा एकच उंच मनोरा, सेंट बोटोल्फच्या चर्चचा, गावातले लोक त्याला नुसतं स्टम्प म्हणतात. गाडीतूनच शेतात वाकून काम करणारी माणसं दिसली, पुढे हळूहळू चालणारा ट्रॅक्टर आणि मागे ओळीने बायका-पुरुष. सुपरमार्केटमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला जो फ्लॉवर मिळतो तो असा हाताने कापलेला असतो.

मी मुद्दाम शनिवारी गेले कारण त्या दिवशी चर्चच्या समोर बाजार भरतो. फुलझाडांच्या स्टॉलवर एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, मी जिरॅनियमची चौकशी करता करता सरळच विचारलं की तुम्ही २०१६ ला कसं मत दिलं होतं. वाटलं होतं तुटक बोलतील, पण त्यांनी मला मागे स्टूलच दिलं बसायला. बाहेर पडायला, म्हणाल्या. आणि जे सांगितलं त्यात बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराची ती लाल बस नव्हती, आठवड्याला ३५ कोटी पाउंड ब्रसेल्सला जातात ते दवाखान्यांना देऊ असं लिहिलेली, जिच्यावर सगळ्या जगात चर्चा झाली. त्यांचं म्हणणं २००४ चं होतं. त्या वर्षी १ मेला पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया वगैरे धरून दहा देश युनियनमध्ये आले, जर्मनी-फ्रान्सने त्यांच्या कामगारांना लगेच दारं उघडली नाहीत, काही वर्षं थांबवलं, पण ब्रिटनने पहिल्या दिवसापासून उघडली, आयर्लंड आणि स्वीडन सोडले तर बाकी कोणीच तसं केलं नव्हतं. "तो निर्णय लंडनमध्ये झाला आणि माणसं आमच्याकडे आली," आजी म्हणाल्या. २००१ मध्ये या तालुक्यात परदेशात जन्मलेली माणसं अगदी मोजकी होती, २०११ च्या जनगणनेत सातातला एक माणूस परदेशात जन्मलेला. डॉक्टर तेवढेच, शाळा तेवढ्याच, आणि एकेका घरात दहा-दहा माणसं ठेवून घरमालक भाडं घेणार. "आम्हाला तेव्हा कोणी विचारलं? बारा वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, तर आम्ही उत्तर दिलं."

हे ऐकून मी गप्प बसले. कारण त्यांच्या बोलण्यात कुठेही द्वेष नव्हता, शेजारच्या पोलिश बाईचं नाव घेऊन तिच्या हातच्या कोबीच्या पदार्थाचं कौतुक पण करून झालं होतं त्यांचं.

इथला मजुरीचा व्यवहार समजून घेतला तर बरंच कळतं. शेतकरी थेट मजूर ठेवत नाही, मध्ये गँगमास्टर असतो. आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम असतो ना, टोळी आणणारा, राहायची सोय करणारा आणि पैशातला वाटा ठेवणारा, तसाच. पहाटे मिनीबस येते, माणसं भरते, शेतावर सोडते. २००४ च्या फेब्रुवारीत मोरकॅम बेवर भरतीच्या पाण्यात शिंपल्या वेचणारे निदान २१ चिनी मजूर बुडून मेले त्यानंतर गँगमास्टरना लायसन्स सक्तीचं झालं. सुपरमार्केटला भाजी स्वस्त पाहिजे म्हणून शेतकऱ्याला मजूर स्वस्त पाहिजे, आणि गावातला पोरगा म्हणतो मला या पैशात आणि या वेळेला परवडत नाही. ही सगळी साखळी राग करण्यासारखीच होती, पण मतपत्रिकेवर सुपरमार्केट नव्हतं, गँगमास्टर नव्हता, घरमालक नव्हता, युरोपियन युनियन होती. माझं मत विचाराल तर त्या सार्वमतातला मोठा घोळ हाच, लोकांकडे दहा प्रश्न होते आणि मतपत्रिकेवर एकच होता, राहायचं की बाहेर पडायचं.

वेस्ट स्ट्रीटवर पूर्व युरोपियन दुकानं ओळीने आहेत, काळा राय ब्रेड, सॉसेज, लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्या. एका दुकानात लिथुआनियन बाई होती, माझ्याच वयाची असेल. २००६ मध्ये आली, सुरुवातीची काही वर्षं पॅकहाउसमध्ये रात्रपाळी, फ्लॉवर ट्रिम करायचे आणि गुंडाळायचे, मग पैसे साठवून नवऱ्याबरोबर हे दुकान टाकलं. मुलगी इथेच जन्मलेली. ब्रेक्झिटनंतर तिच्यासारख्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायचा हक्क, मिळालं त्यामुळे कोणी हाकललं नाही तिला. मी विचारलं की निकालाच्या दिवशी काय वाटलं. ती म्हणाली, सकाळी दुकान उघडलं, रोजचीच गिऱ्हाइकं आली, रोजच्यासारखंच गुड मॉर्निंग म्हणाली, आणि मी मात्र मनात मोजत होते, चौघांतले तिघं, चौघांतले तिघं. दिवसभर.

आणि तिला स्वतःला मत नव्हतं. दहा वर्षं टॅक्स भरूनही नाही, कारण युरोपियन युनियनच्या नागरिकांना या सार्वमतात मतदान नव्हतं, फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना होतं. पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना होतं. म्हणजे लंडनजवळ हॅरोला राहणारा माझा मावसभाऊ, तेव्हा भारतीय पासपोर्टवर होता, त्याने आणि वहिनीने व्यवस्थित जाऊन मत दिलं. हे मी त्या बाईला सांगितलं तर तिला माहीत होतं. म्हणाली, हो, माझ्या ओळखीचे श्रीलंकेचे एक डॉक्टर होते, त्यांनी मला विचारलं होतं, तुझ्यासाठी कुठे मत देऊ. मला हे अजूनही अन्यायाचं वाटतं, ज्यांच्याबद्दल निर्णय होता त्यांनाच सोडून बाकीच्यांना विचारलं.

आता शेतात कोण आहे? तर मिनीबसमधून आता किर्गिझस्तान, उझबेकिस्तानची माणसं येतात, हंगामी व्हिसावर, जास्तीत जास्त सहा महिने, मग परत. म्हणजे बाहेरची माणसं यायची थांबलेली नाहीत, देश बदलले. फुलवाल्या आजींना हे मी परत जाताना विचारलं तर त्या खिन्न झाल्या. आधीचे लोक निदान राहिले, त्यांची पोरं आमच्या पोरांबरोबर शाळेत गेली, आता नावं कळेपर्यंत माणूस गेलेला असतो, म्हणाल्या. मग पस्तावा होतो का? तर नाही. "आम्ही सांगितलं ते केलं नाही त्यांनी, म्हणून आम्ही सांगितलं ते चुकीचं ठरतं का?" २०२४ मध्ये इथून बाहेरची माणसं नकोत म्हणणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाचे रिचर्ड टाइस खासदार झाले, दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे लाल क्रूसाचे झेंडे लावलेले मी पाहिले, आणि मला त्या लिथुआनियन बाईच्या मुलीची काळजी वाटली हे खरं.

लेस्टरला एक दिवसच काढला, बेलग्रेव्ह रोडवर, जिथे सगळी गुजराती दुकानं आहेत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललं तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. लोक तरीही आले आणि आज शहर त्यांच्यावर चालतंय. इथे सार्वमतात ५१.१ टक्के राहायच्या बाजूने, म्हणजे जवळजवळ अर्धे अर्धे. एका दुकानात पाकिस्तानी चौसा आंब्याच्या पेट्या लागल्या होत्या, हापूसचा सीझन संपलेला, तर आंब्यावरूनच विषय निघाला. दुकानदारकाका म्हणाले, मी बाहेर पडायला मत दिलं आणि कारण तुमचा हापूस. मला वाटलं गंमत करतायत, पण नाही. २०१४ मध्ये काही मालात फळमाशी सापडली म्हणून युनियनने १ मेपासून भारतातला आंबा बंद केला, बरोबर कारली, पडवळ, वांगी, अळू पण. ऐन सीझनमध्ये. आपल्याकडे रत्नागिरी-देवगडला, वाशीच्या मार्केटला किती हाहाकार झाला होता ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पुढे भारताने तपासणी आणि प्रक्रिया सुधारली, २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, पण काकांचं म्हणणं होतं की ब्रिटनमध्ये हा आंबा पिकत नाही, इथल्या थंडीत ती माशी जगणार नाही, मग माझा धंदा ब्रसेल्सने का ठरवायचा? मला त्यांचा मुद्दा पूर्ण पटला नाही, कारण स्पेन-इटलीत फळबागा आहेत आणि एकदा माल आत आला की तो कुठेही जातो, एकच बाजार म्हटलं की नियम एकच असणार. पण माणूस मत देताना स्वतःच्या गल्ल्याकडे बघून देतो हे मला तिथे कळलं. त्याच वेळी कित्येक करी रेस्टॉरंटवाल्यांनी पण याच आशेने मत दिलं होतं, युरोपियन कमी येतील तर आपल्या देशातल्या कुकना व्हिसा मिळेल. तसा प्रचारही झाला होता. ते काही झालं नाही, काका स्वतःच म्हणाले, शेजारचं हॉटेल बंद पडलं.

नंतर डब्लिनला गेलो. माझा भारतीय पासपोर्ट, पण ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र व्हिसाची सोय) लिहिलेलं होतं म्हणून आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागला नाही, फक्त आधी ब्रिटनमध्ये शिरायचं होतं. डब्लिन स्वतंत्र आयर्लंडमध्ये, युनियनच्या आत, आणि बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये, पण डब्लिन ते बेलफास्ट बसने गेलो तर सरहद्द कधी आली कळलंच नाही, रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले, बास. शेजारी न्यूरीला उतरणारे एक गृहस्थ होते, त्यांनी टेकड्या दाखवल्या, तिथे लष्कराचे टेहळणी मनोरे होते, सैनिक बसमध्ये चढून एकेकाचे कागद बघायचे. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवायला १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला आणि ते सगळं हळूहळू गेलं. दोन्ही देश एकाच युनियनमध्ये होते म्हणून कस्टमची गरजच नव्हती. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतं राहायला दिली होती, तरी बाहेर पडावं लागलं, आणि मग सरहद्द जमिनीवर नको म्हणून ती समुद्रात नेली, म्हणजे इंग्लंडमधून येणाऱ्या मालाची तपासणी बंदरात. बेलफास्टच्या सुपरमार्केटमध्ये दुधाच्या बाटलीवर "नॉट फॉर ईयू", म्हणजे युरोपियन युनियनमध्ये विकायचं नाही, असं छापलेलं बघितलं. ते गृहस्थ एवढंच म्हणाले की इंग्लंडात लोक मत द्यायला गेले तेव्हा ही सरहद्द त्यांच्या डोक्यात होती का ते मला कोणीतरी सांगा. बॉस्टनच्या आजींच्या डोक्यात ती नव्हती, मला माहीत होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही.

शेवटचे दिवस हॅरोला दादाकडे. तिथे कळलं की दादाने राहायला मत दिलं होतं आणि वहिनीने बाहेर पडायला, एकाच बूथवर, एकाच संध्याकाळी. वहिनीच्या आईला तेव्हा दोनदा व्हिजिटर व्हिसा नाकारला होता, आणि रस्त्यापलीकडे युरोपातली माणसं बॅग घेऊन येऊन राहत होती, तिला ते लागलं होतं. २०२१ पासून पॉइंट्सची, म्हणजे पगार, कौशल्य वगैरेंना गुण देऊन व्हिसा द्यायची, पद्धत आली, आयर्लंड सोडून सगळ्या देशांना नियम सारखे झाले, भारतातून नर्सेस, स्टुडंट्स भरपूर आले, म्हणजे तिला पाहिजे होतं ते झालं की. "झालं," वहिनी म्हणाली, "पण त्याचाच आता लोकांना राग आलाय. २०२५ च्या जुलैमध्ये केअर वर्करचा व्हिसा बाहेरच्यांना बंद केला, पगाराची अट वाढवली. आम्हाला वाटलं रांग सगळ्यांना सारखी होईल, हे आता रांगच बंद करायला निघालेत."

आता पोल्समध्ये निम्म्याहून जास्त ब्रिटिश म्हणतात की बाहेर पडणं चुकलं, बरोबर झालं म्हणणारे एक तृतीयांशाच्या आसपास. दादाची मुलगी सार्वमताच्या वेळी प्रायमरीत होती, आता स्पॅनिश शिकते, तिला एक वर्ष स्पेनला जायचंय आणि त्यासाठी तिला व्हिसाचे कागद गोळा करावे लागतायत, जे आधी लागत नव्हते, शिवाय इरॅस्मस या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या युरोपियन योजनेतूनही ब्रिटन तेव्हाच बाहेर पडलं. तिने जेवताना विचारलं, आई, परत मतदान झालं तर? वहिनी म्हणाली, परत नको गं, चार वर्षं घरात आणि ऑफिसात नुसती भांडणं चालली होती. तर ती म्हणाली, तुम्हा दोघांना एकदा मिळालं ना मत, मग मला पण एकदा मिळू दे. दादा काही बोलला नाही, आणि वहिनीने तिची व्हिसाची फाइल पुढे ओढून बँकेचं स्टेटमेंट कुठल्या महिन्यापासूनचं लागतं ते बघायला घेतलं.