तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या क्विझमध्ये ‘पहिली महिला कोण’ का नसतं

मी शाळांमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, वाचनालयाच्या कार्यक्रमात क्विझ घेते, आणि कार्यक्रम संपून लोक चहाला उठले की हा प्रश्न हमखास येतोच, की मॅडम, तुमच्या क्विझमध्ये शास्त्रज्ञ बायका एवढ्या असतात मग ‘भारतातली पहिली महिला अमुक कोण’ असा सरळ प्रश्न एकही कसा नाही? आणि त्याला जोडूनच दुसरा, की निदान आठ मार्चला तरी बायकांचा वेगळा राउंड ठेवा ना. उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

‘पहिली महिला’ हा प्रश्न मला नको असतो कारण त्यात त्या बाईने काय केलं हे कुठेच येत नाही. नाव पाठ असेल तर बझर दाबायचा, नसेल तर पास. स्पर्धा परीक्षांच्या गाईडमध्ये असल्या वन-लायनरची पानंच्या पानं असतात, मुलं ती घडाघडा म्हणतात, आणि पुढे ‘बरं, मग त्यांनी शोध कसला लावला?’ विचारलं की सगळी टीम एकमेकांच्या तोंडाकडे बघते. यात मुलांचा काहीच दोष नाही, आपणच त्यांना तेवढंच विचारत आलोय.

शिवाय हे पहिलेपण तपासायला गेलं की गुंता होतो. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली मेडिकल कॉलेजातून पास झाल्या, मग पहिली कोण? विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय बाई विचारा, एक जण कमला सोहोनी म्हणेल (केंब्रिज, १९३९), दुसरा असीमा चॅटर्जी म्हणेल (कलकत्ता विद्यापीठ, १९४४), आणि जानकी अम्मल यांना तर मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डीएससी दिली होती. भारतीय विद्यापीठातली, परदेशातली, पीएचडी की डीएससी अशा अटी घालत बसलं की प्रश्न तीन ओळींचा होतो आणि ती बाई त्यात कुठेच उरत नाही. टायब्रेकरला असला प्रश्न आला की पालक हातात मोबाईल घेऊन स्टेजपर्यंत येतात, हे मी बघितलंय.

मग आनंदीबाईंवर मी काय विचारते? ‘शुक्र ग्रहावर जोशी नावाचं एक विवर आहे, ते कोणाच्या नावाने?’ यात विचार करायला जागा आहे. शुक्रावरच्या जागांना जवळपास सगळी नावं बायकांची द्यायची असा नियम आहे, हे कोणाला माहीत असेल तर तो तिथून सुरू करतो, मग शास्त्राशी संबंध असलेली जोशी बाई शोधतो आणि बरोबर पोचतो. ज्याला नियम माहीत नसतो त्याला उत्तराबरोबर तोही कळतो. आणि त्या विवराच्या निमित्ताने मला हे सांगता येतं की कल्याणची ही मुलगी डॉक्टर होऊन परतली, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात तिची नेमणूकही झाली होती, आणि बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं दवाखाना चालवला तो रखमाबाईंनी, सुरतेत आणि राजकोटला, त्यांचा प्रश्न मी लगेच पुढचा घेते.

आता माझा सगळ्यात लाडका प्रश्न सांगते. एक विद्यार्थिनी केंब्रिजजवळच्या एका शेतात उभ्या केलेल्या रेडिओ दुर्बिणीवर काम करतेय, दुर्बीण म्हणजे चार-साडेचार एकरांत ठोकलेले खांब आणि तारा, ते खांब ठोकण्यात तिने स्वतः घणाचे घाव घातलेत. साल १९६७. दुर्बिणीचा पेन कागदावर रेघ काढत राहतो, दिवसाला तीस मीटर कागद, आणि तो सगळा हिने डोळ्यांनी तपासायचा. त्यात एका ठिकाणी अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचं काहीतरी खडबडीत दिसतं. ते पुन्हा येतं, पण रोज साधारण चार मिनिटं आधी. इथे मी थांबते आणि विचारते, चार मिनिटं आधी येतंय यावरून तिला काय कळलं?

हॉल शांत होतो. नाव कोणी विचारलेलंच नाहीये त्यामुळे पाठांतर कामाला येत नाही. मग एखादी सातवी-आठवीतली मुलगी किंवा कधी मागच्या रांगेतले आजोबा म्हणतात, नक्षत्रं रोज चार मिनिटं आधी उगवतात! बस, तेच उत्तर. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते, म्हणून तारे रोज चार मिनिटं लवकर त्याच जागी येतात. गाडीच्या इंजिनाचा, टीव्हीचा, कुठल्या कारखान्याचा सिग्नल असता तर तो माणसांच्या घड्याळाप्रमाणे आला असता, हा ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे येतोय म्हणजे वरून येतोय. पुढे कागद जोरात पळवून बघितलं तर ठोके दिसले, दर १.३३ सेकंदांनी एक. परग्रहवासी असतील की काय अशी गमतीत चर्चासुद्धा झाली, आणि नंतर तिलाच आकाशाच्या वेगळ्याच भागात तसलाच दुसरा ठोका सापडल्यावर ती शंका मिटली, कारण दोन वेगळ्या टोकांचे परग्रहवासी एकाच वेळी आपल्याला हाका मारतील कशाला.

हा पल्सारचा, म्हणजे असे नियमित रेडिओ ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचा शोध. १९७४ साली त्यासाठी फिजिक्सचं नोबेल अँटनी ह्युइश यांना मिळालं, त्यांच्या जोडीला मार्टिन राइल, आणि कागद तपासणाऱ्या जोसलिन बेल बर्नेल यांचं नाव त्यात नव्हतं. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला तो त्यांनी सगळाच्या सगळा फिजिक्समध्ये पीएचडी करू पाहणाऱ्या, संधी कमी मिळालेल्या मुलामुलींच्या स्कॉलरशिपला देऊन टाकला. पण हे सगळं उत्तर आल्यानंतर सांगायचं. आधी लोकांना तिच्या जागी बसून तो कागद बघू दे, मग नोबेल न मिळाल्याचं त्यांना खरं लागतं.

वेगळा राउंड का नाही, याचं कारण अगदी क्विझच्या तंत्रातलं आहे. राउंडचं नाव ‘विज्ञानातील महिला’ ठेवलं की अर्धं उत्तर मीच फोडलं. मग कुठल्याही प्रश्नाला पहिला बझर मेरी क्युरी. त्याऐवजी मी लीझ माइटनर यांना मूलद्रव्यांच्या राउंडमध्ये घेते: ‘१९३८ च्या नाताळात स्वीडनमध्ये भाच्याबरोबर बर्फात फिरायला गेलेले असताना, युरेनियमचा अणू फुटतो कसा याचं गणित यांनी मांडलं, १०९ क्रमांकाचं मूलद्रव्य यांच्या नावाने आहे, कोण?’ ‘यांनी’ आणि ‘यांच्या’ मुद्दाम आहे. मराठीत क्रियापदच सांगून टाकतं बाई की पुरुष, त्यामुळे वाक्य नीट जुळवावं लागतं, आणि तसं जुळवलं की एक गोष्ट दिसते जिचं मला दर वेळी वाईट वाटतं: टीम्स एकामागून एक फक्त पुरुषांची नावं सांगत जातात. ‘तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हे १९२५ च्या प्रबंधात यांनी दाखवलं’ म्हटलं की आइन्स्टाइन, हबल, चंद्रशेखर, सगळे येऊन जातात. सिसिलिया पेन हे नाव मीच सांगते. त्या वेळच्या एका मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने हा निष्कर्ष पटण्यासारखा नाही म्हटलं म्हणून त्यांना प्रबंधात तो जवळजवळ मागे घ्यावा लागला, आणि काही वर्षांनी त्याच गृहस्थांनी तो बरोबर असल्याचं मान्य केलं. हे सांगितल्यावर पुढच्या ‘यांनी’ला मुलं जरा थांबून विचार करतात, मला तेच हवं असतं.

मेरी क्युरी अजिबात नको असं नाही हं. पण ‘दोन नोबेल मिळवणारी’ हे सगळ्यांना येतं, १९०३ आणि १९११. मी विचारते, त्यांच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत का ठेवतात? त्या वह्यांना किरणोत्सारी रेडियम लागलेलं आहे, आणि रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत ते फारसं कमी झालेलंच नाही. दहावीचा मुलगा हे स्वतः काढू शकतो.

आपल्याकडच्या बायकांचे प्रश्न करताना मला जास्त आनंद होतो कारण दुवे घरातलेच सापडतात. कमलाबाई सोहोनींचा प्रश्न मी मुद्दाम २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनालाच घेते. तो दिवस सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा, आणि शोध मोठाच, त्यात वाद नाही, पण १९३३ मध्ये त्याच रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या मुलीला मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता, तेही बीएस्सीला पहिली आलेली असताना, आणि वडील व काका दोघेही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले असताना. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष अटींवर काम करायचं कबूल करून आत शिरल्या आणि पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करून दाखवलं की श्वसनातला सायटोक्रोम सी हा घटक वनस्पतींच्या पेशींतही असतो. प्रश्नात बटाटा येतो, सायटोक्रोम येतो, तरी नाव येत नसेल तर शेवटचा क्लू, यांची बहीण दुर्गा भागवत. तेव्हा मराठीचे शिक्षक खुर्चीवरून उठतात! आणीबाणीविरुद्ध कराडच्या संमेलनात उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई सगळ्यांना माहीत, बहिणीने केंब्रिजला काय केलं ते मात्र फारच थोड्यांना.

इरावती कर्वेंचंही तसंच. ‘युगान्त’वाल्या इरावतीबाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये पीएचडी करताना त्या माणसांच्या कवट्या मोजत होत्या. त्यांचे गाइड ऑयगन फिशर यांचा समज होता की कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे आणि त्यात गोरे लोक वरचढ ठरतात. इरावतीबाईंनी मोजमाप करून लिहिलं, असा काही संबंध दिसत नाही. जर्मनीत, त्या काळात, स्वतःच्या गाइडच्या मताविरुद्ध, आणि तेही आकडे समोर ठेवून. हा प्रश्न मी इतिहासाच्या राउंडमध्येही घेते आणि विज्ञानाच्याही, कुठेही चालतो.

पुण्यात असले तर सिमला ऑफिस चौकावरून सुरू करते, इथे हवामान खात्याचं ऑफिस सिमल्याहून आलं, आणि १९४८ मध्ये पुण्यातच या खात्यात रुजू झालेल्या अॅना मणी यांनी परदेशातून मागवावी लागणारी जवळपास शंभर उपकरणं इथे बनवता यावीत म्हणून त्यांची ड्रॉइंग्ज तयार करून घेतली. सांगली-कोल्हापूरकडे असले तर उसाच्या जातीवरून: ८६०३२ च्या आधी ‘को’ का? कोइमतूरचं ऊस पैदास केंद्र, म्हणून. शेतकऱ्यांच्या मुलांना हे येतंच, मग त्याच केंद्रात १९३० च्या दशकात उसाच्या गुणसूत्रांवर काम करणाऱ्या जानकी अम्मल यांच्याकडे जायला एक पायरी उरते.

‘म्हणजे पहिली कधीच विचारत नाही का’ असंही एकाने विचारलं होतं. मी दुसरी विचारते. फिजिक्सचं नोबेल मिळालेली दुसरी बाई कोण आणि मेरी क्युरींनंतर किती वर्षांनी? मारिया गोपर्ट मायर, १९६३, म्हणजे साठ वर्षांनी. अणुकेंद्रातले कण थराथरांत कसे बसतात हे सांगणाऱ्या, आणि त्याआधी नवऱ्याला जिथे प्रोफेसरची नोकरी तिथे स्वतः वर्षानुवर्षं जवळजवळ बिनपगारी संशोधन केलेल्या. त्यानंतर तिसरीसाठी आणखी पंचावन्न वर्षं, डोना स्ट्रिकलंड, २०१८. चौथी आणि पाचवी मात्र पटापट आल्या, अँड्रिया गेझ २०२० आणि अॅन लुइलिए २०२३. स्ट्रिकलंडबाईंचा प्रश्न मी डोळ्यांच्या लेसर ऑपरेशनवरून करते, कारण लेसरची अतिशय लहान आणि तीव्र स्पंदनं मिळवायची जी पद्धत त्यांनी शोधली ती आता तिथे वापरतात, आणि हॉलमध्ये चष्मा गेलेलं कोणी ना कोणी असतंच.